मोरीत मारली, माळ्यावर वाढली

मी फ्लिटचा पंप. अंग पत्र्याचं, मूठ लाकडाची, आत चामड्याचा वायसर आणि तोंडाखाली औषधाचा गोल डबा. मूठ मागे ओढायची, पुढे दाबायची, की फुस्स. एवढंच माझं काम. ते मी सरळ केलं आणि बोलतोही सरळ. माझी गोष्ट घाणीची आहे. ज्याला किळस येते त्याने जेवण आटोपून वाचावी.

माझा जन्म नागपुरात, इतवारीतल्या पत्रेवाल्यांच्या गल्लीत झाला. देवाजी नावाच्या कारागिराने गोडेतेलाचा रिकामा डबा कापून मला घडवलं. माझ्या पोटात डोकावलात तर त्या जुन्या डब्याची अर्धी अक्षरं अजून दिसतील. देवाजीने मला ठोकलं, डाख दिला, वरून हिरवा रंग मारला. तोंडाचं भोक सुईने पाडलं. मग पाणी भरून तीनदा मारून पाहिलं.

"धुकं पडलं पाहिजे," तो शेजारच्याला म्हणाला. "थेंब पडला तं झुरळ आंघोळ करते गा, मरत नाही."

मी धुकं पाडलं. त्या दिवसापासून मला माझा अभिमान आहे.

१९६६ साली सदर भागातल्या एका दुकानातून रुपरावांनी मला विकत घेतलं. रुपराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. शिक्षण चौथीपर्यंत. हात मात्र कुशल. घरात एकही वस्तू बाहेरच्या मिस्त्रीने दुरुस्त केलेली त्यांना खपत नसे. घर सदरच्या मागच्या वस्तीत. दोन खोल्या, स्वयंपाकखोली, कोपऱ्यात मोरी, पुढे ओसरी, मागे अंगण. घरात बायको तुळसाबाई आणि मुलगा रविंद्र.

रुपरावांना झुरळाची भारी घाण वाटे. साप निघाला असता तर त्यांनी काठी घेतली असती. झुरळ दिसलं की त्यांचा चेहरा आंबट होई, अंगावर काटा येई, आणि ते ओरडत, "पंप आणा!" मोरीशेजारच्या खिळ्यावरून मी त्यांच्या हातात जाई. त्या खिळ्यावरून मला ओसरीही दिसे आणि अंगणही. दर शनिवारी, काही दिसो वा न दिसो, मोरीत माझी फेरी होई. माझ्या वायसरला ते स्वतः खोबरेल लावत. मी त्यांचा माणूस होतो.

तेव्हाची झुरळं मोठी होती. अंगठ्याएवढी, तांबूस, पंख फडफडवणारी. नालीतून येत, मोरीच्या भोकातून मिशा आधी बाहेर काढत. फुस्स केलं की उताणी पडत. पाय हवेत चालत राहत. रुपराव कागदाने उचलून बाहेर टाकत आणि हात तीनदा साबणाने धूत. चार-पाच वर्षं असं चाललं. घर आटोक्यात होतं.

१९७१ च्या मे महिन्यात रविंद्रचं लग्न झालं. नवतप्याचं, म्हणजे मेअखेरच्या जाळणाऱ्या दिवसांचं ऊन. पाहुण्यांना घरात गारवा पाहिजे म्हणून रुपरावांनी स्वतःच्या हाताने कूलर बांधला. बाजारातून संत्र्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, त्यांच्या फळ्यांचा सांगाडा केला. तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, समोर पंखा, वरून पाणी झिरपायला पन्हळ. फळ्यांमधल्या फटी बुजवायला त्यांनी मैद्याची खळ शिजवली आणि वर्तमानपत्राचे पाच-सहा थर आतून चिकटवले. वस्तीत तसा कूलर नव्हता. लग्नाला आलेला माणूस आधी कूलरसमोर बसे, मग नवरदेवाला भेटे.

जूनमध्ये पाऊस लागला. रुपरावांनी कूलर बारदान्यात गुंडाळला, सुतळीने आवळला आणि स्वयंपाकखोलीतल्या माळ्यावर, चुलीच्या बरोबर वर, चढवला. ताट्या आत तशाच. अर्धवट ओल्या.

"माझ्या कूलरले कोनी हात लावाचा नाही," त्यांनी बजावलं. "गाठ मीच मारन, मीच सोडन."

त्याच जूनमध्ये घरात नवी सून नांदायला लागली होती. कौसल्या. माहेर जवळच्या खापा गावचं. बाप विणकर. येताना तिने एक लोखंडी पेटी आणली होती.

आणि त्याच पावसाळ्यात घरात नवी झुरळं दिसायला लागली.

ही मोठी नव्हती. बोटाच्या पेरापेक्षा लहान, फिकट, उडत नसत पण पळण्यात चपळ. पिठाचा डबा उघडला की काठावरून सरकत. पोळपाट उचलला की खालून चार निघत. कपात मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण पडलेले असत. ती त्यांची विष्ठा. कांदे ठेवायच्या टोपलीला तेलकट, कुबट वास यायला लागला. तो वास एकदा नाकात बसला की जेवणावरचं मन उडतं.

रुपरावांनी हिशेब मांडला. आधी नव्हती. सून आली, झुरळं आली. झालं.

"हिच्या पेटीतून आली," ते तुळसाबाईंना म्हणाले. सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

कौसल्याने त्याच दुपारी पेटी अंगणात नेऊन उलटी केली. लुगडी, आरसा, बापाने विणलेली सतरंजी, सगळं उन्हात पसरलं. एकही झुरळ निघालं नाही. रुपरावांनी पाहिलं आणि म्हणाले, "पळाली असतीन."

माझ्यावरचं काम वाढलं. शनिवारचं रोज झालं. मी मोरीत मारलं, ओट्याखाली मारलं, कपाटामागे मारलं. दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी दुप्पट. रुपरावांना वाटे औषध पातळ आहे. ते रॉकेलात औषध आणखी कालवत. मी खरं सांगतो, मी त्यांना मारत नव्हतो. हाकलत होतो. ती वर जात होती, आणि मी खाली फुसफुसत होतो. मला वर कोणी नेलंच नाही.

अशी तीन वर्षं गेली. दर उन्हाळ्यात कूलर रुपरावच उतरवत आणि पाऊस लागला की तसाच ओला बांधून वर चढवत; आतला कागद कोणी उचकटला नाही. रविंद्रला मुलगी झाली, तारा. ती दोन वर्षांची झाली. सुनेच्या पदरी एकच नाव पडलं, घाणेरडी. ती दिवसातून तीनदा ओटा पुसे, भांडी रात्रीची सकाळवर ठेवत नसे. नाव पुसलं जात नव्हतं.

१९७४ चा दसरा. संध्याकाळी चंपतराव सोनं द्यायला आले. चंपतराव म्हणजे रुपरावांचे जिनिंगमधले जुने सोबती, तोंडाचे फाटके. रुपरावांनी त्यांना जेवायला बसवून घेतलं. पानात कढी-गोळे होते. चंपतरावांनी वाटी तोंडाला लावली, थांबले आणि वाटीत बोट घालून काहीतरी बाजूला काढलं. सहा पाय, दोन मिशा, शिजून मऊ झालेलं. ताटाच्या कडेला त्यांनी ते नीट ठेवलं.

"रुपराव," ते म्हणाले, "कढीत जिरं लय मोठं टाकता गा तुमी."

रविंद्र ताटाकडे पाहत राहिला. तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. चंपतराव हसले आणि हात धुवायला उठले. पान पुरं न करता.

मी खिळ्यावरून रुपरावांचा चेहरा पाहत होतो. तो माणूस माझ्यासमोर आयुष्यात एकदाच पांढरा पडला. चंपतराव गेल्यावर ते उभे राहिले.

"आजपासून मी हिच्या हातचं खाणार नाही."

सासऱ्याने सुनेच्या हातचं टाकलं म्हणजे घरात काय उरलं? दुसऱ्या दिवशी रुपरावांनी ओसरीत वेगळा स्टोव्ह मांडला. जन्मात पातेलं न धरलेला माणूस खिचडी शिजवू लागला. खालून करपलेली, वरून कच्ची. तुळसाबाई म्हणाल्या, "मी करून देतो ना जी." ते म्हणाले, "तू तिच्याच भांड्यात करशीन." आणि हट्टाने ती खिचडी गिळली.

शेजारच्या शोभाताई कोंबड्या पाळत. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "काहून जी भाऊजी, सुनेनं उपाशी ठेवलं काय?" रुपरावांनी पातेल्यावर झाकण आपटलं. वस्तीत मात्र गोष्ट पोचली.

त्या रागात त्यांनी मला हातात घेतलं. आजवर मला जेवणाच्या फळीवर कधी नेलं नव्हतं. त्या दुपारी नेलं. डबे, परात, पिठाचं झाकण, ताराची दुधाची वाटी, सगळ्यांवर धुकं पाडलं. घट्ट. रॉकेलाचं. मी नाही म्हणू शकत नव्हतो. मला तोंड आहे ते फक्त फुंकायला.

संध्याकाळी ताराला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पोरीच्या तोंडाचा वास घेतला, कपड्यांचा घेतला, आणि विचारलं, "घरात काय मारलं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोर रात्रीतून सावरली. माझा अभिमान सावरला नाही.

सकाळी कौसल्या मोरीशी आली. तिने मला खिळ्यावरून काढलं, डबा मोरीत रिकामा केला, राखेने घासला आणि परत अडकवला. मग ओसरीत गेली. डोक्यावरचा पदर ढळू न देता बोलली.

"मामाजी, हा पंप आता माझ्या सैपाकखोलीत चालणार नाही."

"मंग झुरळं कोन मारन? तू?"

"हो जी. आठ दिवस द्या मले."

रुपराव खिचडी ढवळत होते. ढवळणं थांबलं.

"घे आठ दिवस. नवव्या दिवशी एक झुरळ दिसलं, एक, तं खाप्याची गाडी धराची. पोरगी अठीच राहीन."

रविंद्र दारात उभा होता. त्याने सदऱ्याची गुंडी लावली आणि कचेरीला निघाला. कौसल्याने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "हो जी," एवढंच म्हणाली.

आत येऊन तिने आधी काय केलं असेल? झुरळं मारली नाहीत. पाहिली. केरातून मेलेली वेचून कागदावर मांडली. सासूला बोलावलं.

"पाहा जी. हे मोठं, तांबडं. हे नालीतलं. आन हे लहान. मानेवर पाहा, दोन काळ्या रेघा. हे नालीतलं नाहीच. आपन मोरीत मारून राहिलो, आन हे राहते दुसरीकडंच."

"अव माय!" तुळसाबाई नाक दाबत म्हणाल्या. "त्याइच्यातही जाती काय वं?"

"जाती हायेत. ह्या बारकीले ऊब लागते, ओल लागते, आन खायाले पीठ."

मग तिने लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या घेतल्या. तळाशी गूळ लावलेला पोळीचा तुकडा टाकला. काठाच्या आतून चार बोटं तुपाचा हात फिरवला, म्हणजे आत पडलेलं वर चढू शकत नाही. एक बरणी मोरीत ठेवली, एक ओट्याखाली, एक कपाटामागे. चौथी स्टुलावर चढून माळ्यावर. कूलरला हात न लावता, त्याच्या शेजारी.

सकाळी तिने बरण्या ओळीने ओसरीत मांडल्या. रुपरावांच्या स्टोव्हसमोर. मोरीच्या बरणीत दोन मोठी. ओट्याखालच्या बरणीत चार बारकी. कपाटामागची रिकामी.

चौथ्या बरणीचा तळ दिसत नव्हता. आत नुसती हालचाल होती. एकावर एक, पाठीवर पाठ, तुपाला घसरून परत खाली. काहींच्या बुडाला अंड्यांच्या पिशव्या चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. बरणीच्या काचेतून खरखर ऐकू येत होती. तुळसाबाई उठून अंगणात गेल्या आणि ओकल्या.

"ही कोठची?" रुपरावांनी विचारलं.

"माळ्यावरची."

"माळ्यावर काय हाये?"

कौसल्याने बरणीवर झाकण ठेवलं. माळ्यावर काय आहे हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

रुपरावांनी बरणी जवळ ओढली आणि आत पाहिलं. स्टोव्हवर खिचडी करपली, तरी उठले नाहीत. मग रविंद्रला हाक मारली. दोघांनी कूलर उतरवून अंगणात नेला. गाठ रुपरावांनीच सोडली.

बारदाना बाजूला झाला आणि वास आला. तोच, तेलकट, कुबट, पण शंभरपट. ताट्यांच्या वाळ्यात काळा भुसा साचला होता. रुपरावांनी आतल्या कागदाचं टोक धरून ओढलं. कागद सोलून निघाला आणि मागची भिंत चालायला लागली. खळ चाटून-चाटून कागदाची जाळी झाली होती. थराथरांत घरं. मेलेल्यांच्या कातड्या, अंड्यांच्या पिशव्यांच्या रांगा, आणि जिवंत. ती उन्हात सैरावैरा सुटली. रुपरावांच्या धोतरावर चढली, मनगटावरून गेली. त्यांनी झटकली नाहीत. नुसते उभे राहिले. ओठ आवळून.

शोभाताईंच्या कोंबड्या कुंपणाखालून घुसल्या. त्यांची दिवाळी झाली.

"बापा!" शोभाताई म्हणाल्या. "कूलर होय का कोंबड्यांची खानावळ?"

रुपरावांनी एक फळी उचलली. तिच्यावर अजून संत्र्याच्या व्यापाऱ्याची खूण होती. फटीत जुन्या, वाळलेल्या पिशव्या होत्या. पहिल्या वर्षीच्या. त्यांना कळलं. पेट्या त्यांनी आणल्या. खळ त्यांनी शिजवली. चुलीच्या वरची उबेची जागा त्यांनी निवडली. तीन वर्षं पोरीच्या पेटीला बोल लावला.

त्यांनी फळी खाली ठेवली. तुळसाबाईंकडून उकळतं पाणी मागून घेतलं आणि फळी-फळीवर स्वतः ओतलं. ताट्या आणि कागद जाळले. सांगाडा खरवडला. संध्याकाळपर्यंत पाठ सरळ केली नाही.

पुढचे दिवस कौसल्याचे. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर तिने आणवली. कणीक, साखर आणि कांद्याच्या रसात तिच्या बारीक गोळ्या वळल्या. त्या फटीत आणि कपाटामागे ठेवल्या, ताराचा हात पोचणार नाही अशा बेताने. डब्यांच्या फळीवर एकही ठेवली नाही. भिंतीच्या भेगा चुन्याने बुजवल्या. मोरीच्या भोकाला जाळी बसवली. दिवसाचं काम संपलं की मोरी फडक्याने कोरडी करी. पाण्याचा थेंब ठेवत नसे. मी हे खिळ्यावरून पाहत होतो. तिने फुंकर मारली नाही, आरडाओरडा केला नाही. त्यांचं अन्न काढलं, पाणी काढलं, घर काढलं. बारकी रोज कमी होत गेली.

पण रुपरावांची खिचडी चालूच होती. शब्द दिलेला होता. एक झुरळ.

नववा दिवस उजाडला. कौसल्याने लोखंडी पेटी भरून दाराशी आणून ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. तुळसाबाई ताराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पोरीच्या केसांत उगाच तेल घालत होत्या. रविंद्र त्या दिवशी कचेरीत गेला नाही. पेटीवर बसून राहिला, एवढं तरी त्याने केलं.

दुपारी रुपराव स्वयंपाकखोलीत आले. कूलर उतरवल्यानंतर पहिल्यांदाच. अनवाणी, तिथे वहाण येत नसे. डबे हलवले. पोळपाट उलटा केला. टोपलीचा वास घेतला. माळ्यावर हात फिरवून बोट पाहिलं. काही नाही. कौसल्या पाठमोरी, चुलीवर कढी ढवळत होती. डाव पातेल्याला लागून वाजत होता.

रुपराव मोरीपाशी आले. माझ्या अगदी खाली.

आणि जाळीची एक कड उचलली गेली. आधी मिशा आल्या. मग ते आलं. मोठं, तांबडं, नालीतलं. पंखांवर ओल चमकत होती. जाळीवरून उतरलं आणि फरशीवर, रुपरावांच्या पायापुढे, थांबलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकामा होतो. त्यांनी कौसल्याच्या पाठीकडे पाहिलं. मग दाराशी ठेवलेल्या पेटीकडे.

मग त्यांनी उजवा पाय उचलला आणि टाच त्याच्यावर ठेवली. उघडी टाच. मी आवाज ऐकला. ज्या माणसाला त्याच्या नावाने काटा येई, त्याने ते आपल्या कातडीखाली चिरडलं आणि पाय हलवला नाही. कपाळावर घाम आला होता.

"मामाजी?" कौसल्या वळून म्हणाली. "दिसलं काय जी एखादं?"

"नाही."

तो माणूस खोटं बोलताना मी तेव्हाच ऐकला. आधी नाही, नंतर नाही.

"ताट वाढ," ते म्हणाले. "भूक लागली वं पोरी. मी पाय धुऊन येतो."

मोरीत त्यांनी पाय तीनदा साबणाने धुतला. जाळीची कड अंगठ्याने दाबून बसवली. मग पाटावर बसले आणि कढी-गोळे मागून-मागून खाल्ले. स्टोव्ह तुळसाबाईंनी उचलून ठेवला. पेटी रविंद्रने.

पुढच्या उन्हाळ्यात नवा कूलर झाला. लोखंडी सांगाड्याचा. रुपराव दर जूनमध्ये ताट्या काढून खडखडीत वाळवत आणि कूलर ओसरीतच ठेवत. बांधण्याआधी कौसल्याला हाक मारत, "ये वं, पाहून घे."

मला पुन्हा कोणी भरलं नाही. दोन-तीन वर्षं खिळ्यावर होतो. मग घराला रंग द्यायच्या वेळी काढलं आणि माळ्यावर टाकलं. तेव्हापासून इथे आहे. आता १९८६ साल. रुपरावांना जाऊन दोन वर्षं झाली. वायसर वाळून तडकला, रंग गेला, डब्याचं झाकण सैल झालं.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगतो. सांगताना मला माझीच घाण वाटते.

गेल्या पावसाळ्यात झाकणाच्या फटीतून एक आत आली. बारकी. मानेवर दोन काळ्या रेघा. बुडाला पिशवी. कुठून आली ठाऊक नाही, किराण्याच्या एखाद्या पुड्यातून आली असेल. माझ्या पोटात, त्या जुन्या अक्षरांवर, तिने पिशवी टाकली. आता आत चाळीसेक असतील. रोज त्याच फटीतून, ज्या भोकातून मी धुकं पाडलं त्याच्याशेजारून, खाली उतरतात आणि पहाटे परत येतात.

कौसल्या शोधते आहे. कालच तिने बरण्या काढल्या. ओट्याखाली ठेवली, कपाटामागे ठेवली, कूलरपाशी ठेवली. माळ्यावर चढली तेव्हा मला हातात घेतलं, धूळ पुसली, "मामाजींचा पंप," म्हणाली, आणि जपून परत ठेवला.

बाई, जपू नको. उघड मला.